मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरकारला निवेदन द्यावे का?

या वेळचे पत्र एका डॉक्टरताईंचे आहे. नाव व गाव वगळून ते थोडक्यात देते.

“मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मिशन दवाखान्यात मी गेली नऊ वर्षे काम करते. आमच्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार येतात आणि त्यांतले बहुतेक जण मोठ्या शहरातून ‘आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या’ हे ऐकून परत आलेले असतात. गेल्या पावसाळ्यात असेच एक पंचावन्न वर्षांचे शेतकरी आमच्या वॉर्डात होते. तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या आम्हांला जिल्ह्यात कुठेही मिळाल्या नाहीत आणि त्यांनी शेवटच्या बारा रात्री जवळजवळ बसून काढल्या. त्यानंतर मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी ठरवले, की आरोग्य विभागाला निवेदन द्यायचे, आमदारांना भेटायचे आणि अमली पदार्थांचा कायदा बदलावा अशी मागणी करायची. पाळकसाहेब म्हणाले, ‘कैसराचे ते कैसराला द्यावे, आपण सेवा करावी, राजकारणात पडू नये.’ दवाखान्याच्या कमिटीला परदेशी मदतीची नोंदणी जाण्याची भीती वाटते, शिवाय धर्मांतराचा आरोप होईल अशीही. माझे यजमान म्हणतात, आपण अल्पसंख्य, नजरेत न आलेले बरे. मी काय करावे? आणि करायचेच, तर ख्रिस्ती म्हणून बोलावे की केवळ डॉक्टर म्हणून?”

प्रिय डॉक्टर,

सप्रेम सलाम. तुम्ही निवेदन द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जी मागणी करायचे तुम्ही ठरवले आहे ती तशीच नेऊ नये असेही मत आहे, कारण जो कायदा बदलावा असे तुम्ही म्हणता तो २०१४ सालीच बदलला आहे. या गोष्टीकडे मी सविस्तर येणारच आहे, पण त्याआधी हे पत्र वाचून मला जे आठवले ते सांगते.

तीसएक वर्षांपूर्वी मीही अशाच एका दवाखान्यात होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेली ऊसतोड कामगाराची बायको आमच्याकडे तीन आठवडे होती. रात्री ती सिस्टरला खिडकी लावून घ्यायला सांगत असे, कारण आपले कण्हणे बाहेर अंगणात निजलेल्या तिच्या मुलांना ऐकू जाऊ नये असे तिला वाटे. आम्ही तिला पेंटाझोसिनची इंजेक्शने देत होतो. त्यांचा अंमल दोन-तीन तासांत उतरे आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंतचा वेळ ती दात आवळून काढी. मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली आणि आपल्याकडून होण्यासारखे सर्व झाले असे मानले. या दुखण्यावर जगभर वापरले जाणारे, स्वस्त आणि तोंडाने घेण्याचे औषध आपल्या कपाटात का नाही, हा प्रश्न मी त्या वेळी कोणालाही विचारला नाही. तो प्रश्न विचारणे हे माझ्या कामाचा भाग आहे हेच मला ठाऊक नव्हते. तुम्हांला ते ठाऊक आहे, म्हणून हे उत्तर मी नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक लिहीत आहे.

आता कायद्याविषयी. आपला अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात तो, १९८५ सालचा आहे. अफूच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी तो झाला आणि त्याचा हेतू योग्यच होता. पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके जास्त झाले, की दवाखान्यांनी अफूपासूनच बनणारे मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. उत्पादन शुल्क, औषध नियंत्रण, आरोग्य अशा वेगवेगळ्या खात्यांचे परवाने एकाच वेळी वैध असावे लागत, आणि शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. १९८५ साली देशात वैद्यकीय उपयोगासाठी ७१६ किलो मॉर्फिन वापरले गेले होते; १९९७ साली तो आकडा १८ किलोवर आला. कर्करोगाचे रुग्ण त्या बारा वर्षांत कमी झाले नव्हते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवत होते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होत होती. म्हणजे औषधाचा कच्चा माल आपल्याच मातीत होता आणि आपलाच माणूस त्यावाचून तळमळत होता.

ही स्थिती बदलली ती डॉक्टरांनी सरकारचा पाठपुरावा केला म्हणून. केरळात कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले, आणि रुग्ण सांभाळता सांभाळताच त्यांनी परवान्यांच्या नियमांशी वर्षानुवर्षे झुंज दिली. २००७ साली हा विषय याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला. २००८ साली केरळ सरकारने परिहार सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, स्वतंत्र धोरण जाहीर केले. २०१२ साली महाराष्ट्रानेही तसे धोरण आणले. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली आणि ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा नवा वर्ग निर्माण केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्या वर्गात आली, आणि ती ठेवण्यासाठी अनेक खात्यांचे परवाने लागण्याऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेल, तीही देशभर एकसारख्या नियमांनी, अशी व्यवस्था झाली.

तेव्हा तुमचा शेतकरी त्या बारा रात्री तळमळला तो कायद्यामुळे नव्हे. कायदा त्याच्या बाजूने झालेला होता. तो त्याच्या तालुक्यापर्यंत पोहोचला नव्हता. मान्यता घेणारे दवाखाने थोडे, मॉर्फिन कसे सुरू करावे आणि मात्रा कशी वाढवावी हे शिकलेले डॉक्टर थोडे, औषध ठेवायला तयार असणारी दुकाने त्याहून थोडी, आणि या सर्वांच्या मुळाशी जुन्या कायद्याची मनात राहून गेलेली भीती. ‘कायदा बदला’ असे निवेदन घेऊन तुम्ही मंत्रालयात गेलात, तर तिथला जाणकार अधिकारी ‘कायदा बदललेला आहे’ एवढे एक वाक्य लिहून ते बाजूला ठेवील, आणि त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याऐवजी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि शक्य तिथे उपजिल्हा रुग्णालयाने अमुक मुदतीत मान्यता घ्यावी, मॉर्फिनच्या गोळ्यांचा साठा सतत ठेवावा, तिथल्या किमान दोन डॉक्टरांना व काही परिचारिकांना वेदनाशमनाचे प्रशिक्षण द्यावे, आणि कोणत्या जिल्ह्यात हे औषध कुठे मिळते याची यादी लोकांसाठी जाहीर करावी, अशी मागणी करा. असे निवेदन बाजूला ठेवणे कठीण असते, कारण ते सरकारच्याच कायद्याची आणि सरकारच्याच धोरणाची अंमलबजावणी मागते.

आणि त्याही आधी एक काम आहे, ते मी आग्रहाने सांगते. तुमच्या स्वतःच्या दवाखान्यासाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून अर्ज करा. आपल्या राज्यात हा विषय अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तुमच्यापैकी एका डॉक्टरला वेदनाशमनाचे प्रशिक्षण घ्यावे लागेल, ते घ्या. नोंदवही, कुलपाचे कपाट, साठ्याचा वार्षिक हिशेब हे सर्व नियमाप्रमाणे उभे करा. अर्ज कोणत्या तारखेला दिला, कोणता कागद कितव्यांदा मागितला, पाहणीला कोण कधी आले, औषध प्रत्यक्ष हाती यायला किती दिवस लागले, हे एका वहीत तारीखवार लिहून ठेवा. सर्व सुरळीत झाले तर तुमच्या तालुक्यात औषध आले, आणि अडले तर नेमके कुठे अडते याचा पुरावा तुमच्या हाती आला. पुढे अधिकाऱ्यांसमोर बसाल तेव्हा या वहीइतके वजन दुसऱ्या कशालाच येणार नाही.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना दिसले, की बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजारांसाठी पुन्हा पुन्हा येतात आणि त्या आजारांची मुळे दवाखान्याच्या बाहेर, गढूळ पाण्यात, उपासमारीत आणि जातीच्या उतरंडीत आहेत. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेडला त्यांनी काम सुरू केले. गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती आणि ज्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, त्यांनी बाळंतपण, लसीकरण, अतिसार आणि कुपोषण यांविषयी शिकवले व गावाचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. जिनिव्हात जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेने १९६८ साली ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला होता. जगभरच्या मिशन दवाखान्यांनी आपल्या भिंतींपलीकडे पाहावे यासाठी तो झटत होता. त्या आयोगाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यातून जामखेडसारखे प्रयोग जगासमोर आले, आणि प्राथमिक आरोग्यसेवेविषयीचे जे विचारमंथन १९७८ च्या ‘अल्मा-अता’ इथल्या जागतिक आरोग्य परिषदेत परिणत झाले त्याच्या आधारांपैकी जामखेड हे एक होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली देशभर आशा कार्यकर्त्यांची योजना आली तेव्हा तिच्यामागे गावच्या बाईवर विश्वास टाकणारे असे अनेक प्रयोग उभे होते, आणि त्यांत जामखेडचे स्थान मोठे होते.

आरोळे दांपत्याने आपली श्रद्धा कधी लपवली नाही. परंतु गावातली किती मुले वर्षाच्या आत दगावत होती आणि आता किती दगावतात, हा हिशेब मांडायला धर्माची ओळख लागत नाही, आणि तो ऐकायलाही लागत नाही. जामखेडचे म्हणणे जगाने ऐकले, कारण ते आधी करून दाखवलेले होते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे. उरलेल्या अर्ध्याकडे येते, पण मध्ये पाळकसाहेब आहेत.

पाळकसाहेबांवर रागावू नका. मंडळीची काळजी वाहणारा माणूस सावधच असतो, आणि राजकीय पक्षांच्या ओढाताणीत मंडळ्या फुटलेल्या त्यांनी पाहिल्या असतील. तरीही त्यांनी दिलेल्या वचनाचा अर्थ मला तसा दिसत नाही. कैसराचे, म्हणजे रोमी सम्राटाचे, कैसराला हा बायबलमधला प्रसंग कर भरण्याविषयीचा आहे. कैसराच्या राज्यात एखादा माणूस विनाकारण वेदना सोसत असेल, तर ते कैसराला सांगू नये, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात तर राजाची आई राजाला सांगते, की ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू तोंड उघड. तोंडाच्या कर्करोगाने ज्याची जीभ आणि जबडा गेला आहे, त्याच्याविषयी हे वचन मी शब्दशः वाचते.

शिवाय धोरण आणि पक्ष यांतला फरक पाळकसाहेबांना समजावून सांगा. कोणाला मत द्यावे हे तुम्ही सांगत नाही, कोणाच्या व्यासपीठावर बसत नाही, निवडणुकीच्या तोंडावर कोणाला पाठिंब्याचे पत्र देत नाही. आणि पुढेही या तिन्ही गोष्टी करू नका, कोणी कितीही गोड बोलून मागितले तरी. आमदारांना भेटाल तेव्हा सत्तेतल्या आणि विरोधातल्या, दोन्हींकडच्या लोकप्रतिनिधींना एकच कागद द्या.

पाळकसाहेबांना आणखी एक गोष्ट आठवून द्या. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगासमोर पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, असे सांगितले. आयोग शिक्षणाचा होता, तरी त्यांनी स्त्रियांच्या आजाराची गोष्ट तिथे ठामपणे मांडली. त्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तो त्यांनी पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये घेतला. त्यामुळे ही ख्रिस्ती बाईची साक्ष होती असा दावा मी करणार नाही. पण ज्या रमाबाईंच्या मुक्तिसदनाचे नाव आपण उपासनेत आदराने घेतो, त्यांनी अधिकाऱ्यांसमोर बसून बोलण्यात काही वावगे मानले नाही, आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावरही त्यांची वाणी गप्प झाली नाही.

मंडळीत तुम्हांला आणखी एक विचार भेटेल, तुमच्या पत्रात तो नाही तरी सांगून ठेवते. दुःख सोसल्याने माणूस शुद्ध होतो, ते औषधाने बोथट करू नये, असे म्हणणारे भाविक आहेत. आणि मॉर्फिन देणे म्हणजे माणसाला हळूहळू मारणे, असे समजणारे तर डॉक्टरांतही आहेत. कॅथलिक मंडळीचे प्रमुख पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना निःसंदिग्धपणे सांगितले, की वेदना कमी करण्याच्या हेतूने दिलेले औषध योग्य आहे, मग त्याने आयुष्य किंचित कमी होण्याचा संभव असला तरी. प्रत्यक्षात योग्य मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने रुग्णाचे आयुष्य कमी होते असे अनुभवाला येत नाही. तो झोपतो, दोन घास खातो आणि घरच्यांशी बोलतो. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषाघर, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर. ठरलेल्या तासांनी, वेदना परतण्याची वाट न पाहता, तोंडाने मॉर्फिन देण्याची पद्धत त्यांनी रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवून पटवून दिली. त्या गाढ श्रद्धेच्या ख्रिस्ती होत्या आणि त्यांचे हॉस्पिस कोणत्याही धर्माच्या व कोणत्याच धर्माच्या नसलेल्या माणसालाही खुले होते. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस, तेही याच वाटेने आले.

कमिटीची भीती मात्र मी हलक्याने घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. परदेशी योगदानाचा कायदा २०१० सालचा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आहे. नोंदणी गेली तर पगार थांबतात, आणि दवाखाना बंद पडला तर मॉर्फिनच काय, बाळंतपणही गावाबाहेर जाते. तरीही कायदा नेमका काय म्हणतो ते पाहावे. राजकीय पक्ष, निवडणुकीचे उमेदवार आणि राजकीय स्वरूपाच्या संघटना यांना परदेशी पैसा घेता येत नाही. आणि राजकीय स्वरूपाची संघटना कोणती याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे, की राजकीय उद्दिष्ट नसताना केवळ सार्वजनिक प्रश्नाला पाठिंबा दिला म्हणून एखादी संस्था त्या व्याख्येत बसत नाही. आरोग्य विभागाला सूचना देणे हे तर आंदोलनही नव्हे. कायद्यांचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी किमान तीस दिवस खुले ठेवावेत असे केंद्र सरकारचे २०१४ पासूनचे धोरणच आहे, आणि संसदेच्या स्थायी समित्या जाहिरात देऊन निवेदने मागवतात. तरीही निवेदन दवाखान्याच्या कागदावर न देता तुम्ही तिघांनी स्वतःच्या नावाने द्या, प्रवासखर्च व छपाई स्वतःच्या खिशातून करा, कमिटीला हे लेखी कळवा आणि संस्थेच्या सनदी लेखापालांचे मत आधी घ्या. कमिटीने लेखी नकार दिला, तर नोकरीच्या अटी वाचल्यावाचून पुढे जाऊ नका.

आणि एकट्याने जाऊ नका. भारतीय ख्रिस्ती वैद्यकीय संघटना १९०५ पासून काम करते. कॅथलिक आरोग्य संघटना सिस्टर मेरी ग्लाउरी या डॉक्टर असलेल्या धर्मभगिनींनी १९४३ साली गुंटूरला स्थापन केली. दोन्हींना अशा कामाचा अनुभव आहे, त्यांचा सल्ला घ्या. परंतु निवेदनावरच्या सह्या केवळ आपल्याच लोकांच्या नसाव्यात. तालुक्यातले इतर डॉक्टर, इंडियन मेडिकल असोसिएशनची शाखा, जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले कर्करोगाचे वा भूलशास्त्राचे प्राध्यापक, आशाताई, ज्यांच्या घरी असा रुग्ण होता ती माणसे, हे सर्व बरोबर असतील तर ‘मिशनवाल्यांची मागणी’ असे तिला कोणी म्हणू शकणार नाही. कोळिकोडचे काम सर्व धर्मांच्या माणसांनी मिळून उभे केले, म्हणूनच ते केरळभर पसरले.

धर्मांतराच्या आरोपाला निवेदनात उत्तर देत बसू नका. त्याचे उत्तर वॉर्डात असते. ज्याला वेदनेने बोलताही येत नाही अशा माणसाच्या खाटेशी न विचारता प्रार्थना होते का, प्रार्थनेला नाही म्हणणाऱ्याकडे सिस्टर त्याच आपुलकीने वळते का, हे कमिटीच्या पुढच्या बैठकीत प्रामाणिकपणे पाहा. त्याचबरोबर शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेले आहे ना, तेही पाहून घ्या. दुसऱ्यांना नियम पाळायला सांगणाऱ्याच्या घरी लोक आधी डोकावतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

आता ख्रिस्ती म्हणून की डॉक्टर म्हणून. तुम्ही त्या शेतकऱ्याकडे पाठ फिरवू शकत नाही याचे कारण तुमची श्रद्धा असेल, आणि कोणी विचारले तर तसे मोकळेपणाने सांगा. निवेदनात मात्र असे एकही कारण नसावे जे पटण्यासाठी वाचणाऱ्याला ख्रिस्ती व्हावे लागेल. वचने घालू नका. मिशन दवाखान्यांनी किती वर्षे सेवा केली याचा परिच्छेद घालू नका. मिशन दवाखान्यांसाठी कोणतीही सवलत त्याच कागदात मागू नका, ती कितीही रास्त असली तरी; कारण ती ओळ दिसताच सगळे निवेदन स्वतःसाठी केलेले ठरते. आणि ज्या प्रश्नांवर आपली श्रद्धा इतरांहून वेगळे सांगते, ते वेगळे ठेवा. उदाहरणार्थ, केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जीवनाधार काढून घेण्याविषयी निर्णय दिला, २०१८ साली ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. त्यावर तुमचे मत असेल, तुमच्या सहकाऱ्यांचे निराळे असेल. कोणी विचारले तर ‘हे माझ्या श्रद्धेतून आलेले मत आहे’ असे म्हणून सांगा, त्याला वैद्यकीय पुराव्याचा वेश चढवू नका. मॉर्फिनच्या निवेदनात तो विषय आणलात, तर वेदनाशमन आणि मरण यांची जी गल्लत लोकांच्या मनात आधीच आहे ती तुमच्याच हाताने पक्की होईल.

घाईची अपेक्षाही ठेवू नका. लेप्रसी मिशन १८७४ पासून कुष्ठरुग्णांत काम करते, मिरज आणि कोठाऱ्याची त्यांची रुग्णालये आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. कुष्ठरुग्णांना बळाने वेगळे ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा, रोग औषधाने पूर्ण बरा होऊ लागल्यावरही कित्येक वर्षे पुस्तकात राहिला. विधी आयोगाने २०१५ साली हे भेदभाव काढून टाकावेत असा अहवाल दिला, २०१६ साली तो कायदा रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असू शकते ही तरतूद २०१९ साली निघाली. त्या साऱ्या खटपटीतून मी एक गोष्ट शिकले. रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर आपण मागे बसावे. तुमच्या त्या शेतकऱ्याची पत्नी किंवा मुलगा बोलायला तयार असतील, तर त्यांना बरोबर न्या आणि आधी त्यांना बोलू द्या. तयार नसतील, तर त्यांचे नाव, गाव, छायाचित्र यांतले काहीही कुठे येऊ देऊ नका.

यजमानांच्या भीतीविषयी मी थोडेच लिहिते, कारण ती त्यांच्या प्रेमातून आली आहे आणि घरातली गोष्ट घरातच ठरावी. त्यांना निवेदनाचा मसुदा वाचायला द्या. धर्माचे नावही नसलेला, औषधाच्या साठ्याविषयीचा दोन पानांचा कागद पाहिल्यावर त्यांची भीती पूर्ण गेली नाही तरी तिला आकार येईल. तरीही ते नको म्हणाले, तर पहिली सही सहकाऱ्याची असू द्या. तुम्ही मान्यतेचा अर्ज करा, औषध आणा आणि वही लिहा. तेवढ्यानेही तुमच्या तालुक्यात पुष्कळ बदलेल.

सुरुवात जिल्ह्यापासून करा. जिल्हा शल्यचिकित्सकांना आधी भेटा. त्यांना डावलून मंत्रालयात गेलात तर जो माणूस मदत करू शकला असता तोच दुखावेल. भेटीला तुमच्या रात्रपाळीच्या सिस्टरला बरोबर न्या. त्या बारा रात्री तुम्ही काही तास पाहिल्या असतील, तिने पूर्ण पाहिल्या आहेत. तिने केसपेपरवर दर चार तासांनी जे लिहिले असेल, किती वाजता उठून बसले, किती वाजता पाणी नको म्हणाले, ते नाव झाकून निवेदनाला जोडा, आणि मान्यतेचा अर्ज दिला की त्याची तारीख मला कळवा.